संकल्पाचे पाणी

या महिन्यात नवे संवत्सर लागत आहे. गुरुवार, १९ मार्च २०२६ रोजी शके १९४८ चा आरंभ होऊन साठ संवत्सरांच्या मालिकेतील चाळिसावे, पराभव नावाचे संवत्सर सुरू होईल. पंचांगात हे नाव वाचताच आमच्या घरातील धाकटी मंडळी हसू लागली. ज्या वर्षाचे नावच पराभव, त्या वर्षी संकल्प तरी कशास करावयाचे, असा त्यांचा रोकडा सवाल. मी म्हटले, बाळांनो, या साठ नावांत जय आहे, विजय आहे, तसा दुर्मुख आहे आणि राक्षसही आहे. म्हणून राक्षस संवत्सरात कोणी पेरणी थांबविल्याचे ऐकिवात नाही. शिवाय यंदा ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून असा एक महिना पदरात जास्तीचा पडणार. हरणाराला सावरावयास तेवढीच सवड.

या नावाशी माझी जुनी ओळख आहे. शके १८८८, म्हणजे इ. स. १९६६ साली हेच संवत्सर लागले होते. त्या माघात लग्न होऊन मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेतील या घरी आले आणि सासरचा पहिला पाडवा पाहिला तो पराभव संवत्सराचा. चक्र एकवार पुरे फिरले. तेव्हा संकल्पाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार वयाने तरी मला दिला आहे, असे समजून वाचकांनी हा लेख गोड करून घ्यावा.

हल्ली संकल्प दोनदा होतात. एक १ जानेवारीस, दुसरा पाडव्यास. पहिला मोबाईलमध्ये नोंदला जातो. रोज दहा हजार पावले चालणे, चार किलो वजन उतरविणे, महिन्यास एक पुस्तक वाचणे, अशी आमच्या नातवाची यादी आहे आणि तिला तो ‘ध्येये’ म्हणतो. आमच्या लहानपणी ध्येय हा शब्द राष्ट्रासाठी राखून ठेवलेला असे. आता तो कमरेच्या घेराससुद्धा लागू पडतो. त्याच्या मनगटावरचे घड्याळ पावले मोजते, नाडी मोजते, झोपही मोजते. रात्री झोप बरी लागली की नाही, हे त्यास सकाळी घड्याळाकडे पाहून कळते! थट्टा सोडून सांगते, मला या यंत्रांचा राग नाही. माझ्या रक्तातील साखर घरच्या घरी मोजून होते ती असल्याच एका यंत्राने, आणि बारीक टाइपातले पंचांग मोठे करून वाचता येते तेही त्या मोबाईलवरच.

धर्मकृत्यात यंत्र शिरले म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. त्यांनी घटिकापात्राची आठवण करावी. तळाशी बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अहोरात्राच्या साठ घटिका. मंगलाष्टकांचा शेवटचा ‘सावधान’ कोणत्या क्षणी म्हणावयाचा, हे ती वाटी ठरवीत असे. पुढे भिंतीवरचे घड्याळ आले, वाटी अडगळीत गेली, लग्ने लागतच राहिली. पंचांग तरी काय? तिथी, वार, नक्षत्र, योग, करण हे सगळे गणितच. ते गणित आकाशाशी जुळावे म्हणून केरूनाना छत्रे, लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्यांनी किती श्रम घेतले! तेव्हा श्रद्धा आणि यंत्र यांचे वैर आहे असे मला वाटत नाही. माझे म्हणणे निराळेच आहे, आणि ते संकल्प या शब्दाविषयी आहे.

पूजेतील संकल्प आपण कसा करतो? आधी काळ उच्चारतो: शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग देश उच्चारतो. गोदावरीच्या दक्षिण तीरावर आपण बसलो आहोत, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मग गोत्र आणि नाव. आणि मग, हे मी करीन, असे म्हणून उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हणात सोडतो. यात मनातल्या मनात काहीच नाही. सगळे मोठ्याने, चारचौघांच्या कानांवर पडेल असे. शेवटी जे पाणी सुटते त्याची तर गंमतच आहे. एखाद्या वस्तूवरचा हक्क आपण कायमचा सोडला म्हणजे मराठीत ‘तिच्यावर पाणी सोडले’ असे म्हणतो. ज्या क्रियेने आपण एखादे काम हाती घेतो, त्याच क्रियेचे नाव ते हातचे सोडण्यासही लावतो. भाषेने हे काही उगीच केले नसावे.

आमच्या आजेसासूबाईंनी लक्ष वातींचा नेम धरला होता. तरुणपणीच वैधव्य आलेले, लाल आलवणात वावरणाऱ्या, मोजके बोलणाऱ्या. दुपारी माजघरात बसून त्या कापूस पिंजीत, तळहातावर वात वळीत, आणि शंभर झाल्या की एका बोळक्यात एक तांदूळ टाकीत. तो तांदूळ हेच त्यांचे मोजण्याचे यंत्र. मी आले त्या वर्षी सुमारे साठ हजार वाती झाल्या होत्या. पुढच्या आषाढात त्या गेल्या. बोळके सासूबाईंनी उचलले आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याच तांदळांवर पुढचे तांदूळ पडू लागले. सुतक सरल्यावर आरंभ करावा, असे कोणीसे सुचविले, तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या की, वाती वळावयास सुतक नाही, लावावयास आहे. शेवटचे काही हजार माझ्या हातचे आहेत. उद्यापन झाले तेव्हा संकल्प कोणाचा आणि पुण्य कोणाचे, हा हिशोब कोणी मांडला नाही.

नातवाच्या घड्याळात ही सोय नाही. त्याची राहिलेली पावले त्याच्या बहिणीस चालता येत नाहीत. ३१ डिसेंबरला ती पुसली जातात आणि १ जानेवारीस शून्यापासून पुन्हा आरंभ. माझा आक्षेप आहे तो एवढाच.

कोल्हापुरात राहणाऱ्यास मोठ्या संकल्पाचा दाखला शोधण्यास लांब जावे लागत नाही. भोगावती नदीवरील राधानगरीचे धरण राजर्षी शाहू छत्रपतींनी हाती घेतले. काम वर आले, पण खर्चापायी अडले, आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईस महाराजांचे निधन झाले तेव्हा ते अपुरेच होते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. धरण पुरे झाले ते त्याच्याही नंतर. ज्याने पाणी अडविण्याचा संकल्प केला त्याने ते अडलेले पाहिले नाही, ज्या राज्याने केला ते राज्यही उरले नाही. पण आज तेथे ८.३६ टीएमसी पाणी साठते आणि भोगावतीच्या काठचा ऊस त्यावर उभा आहे. त्या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या भारानेच ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. त्यांना हुकूम लागत नाही. पावसाळ्यात ‘राधानगरीचे दार उघडले’ ही बातमी आमच्या पेठेत घरोघर जाते. कारण तेथून सुटलेले पाणी पंचगंगेतून आमच्या दाराशी येते. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. नातू तासातासास मोबाईलवर आकडे वाचून दाखवी. मग वीज गेली, मोबाईल निमाले, आणि पाणी किती चढले हे आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजून ठरवू लागलो. शेजारच्या तालमीतील मुलांनी मला खुर्चीसकट उचलून बाहेर काढले. त्या मुलांनी कोणता संकल्प सोडला होता, ठाऊक नाही.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचेही असेच आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून देवीचे चरण, मग मध्यभाग, मग मुख असे तीन दिवसांत क्रमाने स्पर्शितात. आता तो सोहळा पडद्यावर दिसतो आणि प्रकाशाची तीव्रता यंत्राने मोजली जाते. गुडघ्यांमुळे मी घरीच पाहते, आणि हात जोडावयाचे राहात नाहीत. पण किरणे कित्येक वर्षे मुखापर्यंत पोहोचत नाहीत. कधी ढग, कधी धूळ आणि दमट हवा. कधी मात्र वाटेत उभी राहिलेली बांधकामे. मंदिर बांधणाऱ्याने आपला संकल्प नेमका सोडला. त्यावर एक मजला चढवू नये, एवढेच आपल्याकडे होते.

असो. आता घरच्या गोष्टीकडे येते, कारण हे सारे सुचले ते तिच्यामुळे.

यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली. त्यानंतर पाडव्याचा संकल्प चिरंजीव सोडीत असत. यंदा ते नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्ट येथे आहेत. नातवाने तोड काढली की, बाबांनी मोबाईलवरून संकल्प म्हणावा, आपण येथे ऐकू. आमच्याकडे सकाळचे नऊ, म्हणजे तेथे पहाटेचे साडेचार. चिरंजीव उठावयास तयार, पण दोन अडचणी निघाल्या. पहिली देशाची. नेकार नदीच्या काठी बसून गोदावरीचा दक्षिण तीर कसा म्हणावा? अमेरिकेतील काही पुरोहित क्रौंचद्वीपाचा उच्चार करतात असे ऐकले आहे. तशी वाट येथेही सापडेल. दुसरी अडचण मात्र नातवाच्याच तोंडून आली. त्याने विचारले, “आजी, बाबा तिकडे म्हणतील, पण पाणी इकडे कोणाच्या हातून पडणार?”

सूनबाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, “आई, तुम्हीच बसा. संकल्पही तुम्हीच म्हणा.”

माजघरात थोडा वेळ शांतता झाली. वाचकहो, ज्या घरात आजेसासूबाईंना सारे पंचांग तोंडपाठ होते, तिथी चुकली तर आतून पुरुषांस सांगत त्याच, त्या घरात गुढी उभी राहताना त्या कधी अंगणात आल्या नाहीत. मलाही गेली दोन वर्षे कोणी ‘येऊ नका’ म्हटले नव्हते. पण ‘या’ असेही कोणी म्हटले नव्हते. सुशिक्षित घरांची रीत अशीच असते. आपण काही मोडीत नाही आणि काही पाळीतही नाही, नुसते बोलत नाही.

आमच्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तेथील ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की, पती निवर्तल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. शाहू महाराजांच्या निधनास शंभर वर्षे पुरी होण्यास तेव्हा दोन दिवस उरले होते. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही हा कित्ता इतर गावांनी गिरवावा असे परिपत्रक काढले. ठरावाने सर्वांची मने पालटली असतील असे मी समजत नाही. पण त्या गावाने जे करावयाचे ते मोठ्याने म्हटले. काळ, देश आणि आपले नाव उच्चारून म्हटले. पदव्यांच्या भिंती मिरविणाऱ्या किती घरांनी आजवर एवढे केले आहे?

मी हो म्हटले. गुरुजींना विचारले, त्यांनी हरकत घेतली नाही. उलट संकल्पाची वाक्ये मोबाईलवर पाठविली. नातवाने ती ठळक अक्षरांत उतरून दिली आहेत आणि मी रोज घोकते आहे. साठ वर्षे कानांवर पडलेले शब्द, पण जिभेवर कधी आलेले नाहीत. ‘पराभव’ उच्चारताना अजून किंचित अडखळते. चिरंजीव तिकडून ऐकणार आहेत.

पूजेपलीकडे आणखी एक संकल्प मी सूनबाईंच्या कानांवर घातला आहे. तृतीयेस चैत्रगौर बसेल. यंदाच्या हळदीकुंकवास पेठेतील सगळ्या बायका येतील, सवाष्ण की नाही हे पाहिले जाणार नाही. डाळ, पन्हे, ओटी, सर्वांना सारखे. माझ्या वयाच्या तिघी आहेत, ज्या कित्येक वर्षे आपल्याच घरच्या गौरीपुढे आल्या नाहीत. सूनबाईंनी त्यांच्या घरी मोबाईलवर निरोप धाडले. दोघींचे उत्तर आले, येऊ म्हणून. तिसरीच्या घरी निरोप वाचल्याची खूण उमटली आहे, उत्तर अजून नाही. हरभऱ्याची डाळ भिजत घालताना तिच्या वाटणीची धरावयास सांगितली आहे, आणि उद्या संध्याकाळी नातवाचा हात धरून मी स्वतः तिच्याकडे जाणार आहे.