गांबियाची हिंमत आणि आपलं मौन

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारलं, "सर, ओआयसीमध्ये ५७ देश आहेत. रोहिंग्यांसाठी त्यांनी केलं काय?" त्याच्या प्रश्नात राग होता आणि तो रास्तही होता. उत्तरादाखल मी त्याला गांबियाची गोष्ट सांगितली.

पश्चिम आफ्रिकेतला हा चिमुकला मुस्लिमबहुल देश. याह्या जामेहची २२ वर्षांची हुकूमशाही सोसून तो २०१७ मध्ये मोकळा झाला. त्याच वर्षी म्यानमारच्या लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून आले. २०१८ मध्ये गांबियाचे न्यायमंत्री अबुबकर तंबाडू ओआयसीच्या बैठकीसाठी ढाक्याला आले आणि कॉक्स बाजारच्या छावण्यांत गेले. रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात त्यांनी अनेक वर्षं काम केलं होतं. छावणीतल्या कहाण्या ऐकताना आपण काय ऐकतो आहोत, हे त्यांना लगेच कळलं.

११ नोव्हेंबर २०१९ रोजी गांबियाने ओआयसीच्या पाठिंब्याने म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. आधार होता १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराचा. शांततेचं नोबेल मिळालेल्या आँग सान सू ची स्वतः म्यानमारच्या बचावाला उभ्या राहिल्या. तरीही जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिला: रोहिंग्यांचं संरक्षण करा, पुरावे नष्ट करू नका. 'गांबियाचं यात काय नुकसान झालं?' हा म्यानमारचा आक्षेप २०२२ मध्ये फेटाळला गेला. करारात सहभागी असलेला कोणताही देश दाद मागू शकतो, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे दक्षिण आफ्रिका याच करारानुसार गाझासाठी न्यायालयात गेली.

रोहिंग्या अजून घरी परतलेले नाहीत, हे खरं. पण ज्याच्याकडे मोठं सैन्य नाही, मोठा खजिना नाही, असा देशही जुलमाची नोंद जगाच्या दप्तरी करायला लावू शकतो, हे गांबियाने दाखवलं.

गोष्ट इथेच संपवली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण मला पुढचंही सांगावं लागलं.

६ ऑक्टोबर २०२२. शिनजियांगमधल्या उइगुरांच्या स्थितीवर नुसती चर्चा करावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत आला. १७ मतं बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. ठराव पडला. विरोधात कोण होतं? पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती. सोमालियाने बाजूने मत दिलं. गांबिया तटस्थ राहिला. आपला भारतही तटस्थ राहिला.

वर्गात शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालं, "मानवाधिकार हे पाश्चात्त्यांचं हत्यार आहे." दुटप्पीपणा आहे, नाकारून चालणार नाही. गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने नकाराधिकार वापरून अडवले, ते आपण पाहिलंच. पण दुसऱ्याची तागडी खोटी आहे म्हणून आपणही खोटी तागडी धरायची का?

'ही आमची अंतर्गत बाब आहे' हा युक्तिवादही जुनाच. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वर्णभेदी वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला, तेव्हा तिथलं सरकार हेच म्हणत होतं. विजयालक्ष्मी पंडित आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. देश अजून स्वतंत्रही झाला नव्हता, तरी आपण दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला.

मी स्वतःलाही यातून वगळत नाही. पॅलेस्टाइनसाठी मी मोर्चात चाललो, घोषणा दिल्या. उइगुरांवर मात्र आजवर एक ओळ लिहिली नव्हती. अफगाण मुलींच्या बंद शाळा आणि पाकिस्तानातल्या अहमदियांची कोंडी यांवर बोलताना माझीही जीभ जड होते.

इथे आपल्यावर अन्याय झाला की आपण संविधानाची, मानवी हक्कांची भाषा बोलतो. ती बोललीच पाहिजे. पण मजलूम कोण आणि जालीम कोण, हे पाहून आपला आवाज कमी-जास्त होत असेल, तर त्या भाषेचं वजन आपणच घालवतो. म्हणून पुढच्या वेळी असं मतदान होईल, तेव्हा ५७ देशांना जाब विचारा. आपल्या खासदारालाही विचारा, भारत तटस्थ का राहिला? आणि त्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारा.