चाकाची साखळी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब काश्मीरला गेलो होतो. तिथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे. त्यांना ‘चिल्ला-ए-कलां’ म्हणतात. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. हाताशी एकच दिवस होता, म्हणून ड्रायव्हरचाचांना सांगितले, “फज्रनंतर लगेच निघू.” चाचांनी कांगडी फेरनच्या आत धरत मान हलवली. “दहाच्या आधी नाही, जनाब.”

आम्हाला वाटले, आळस! खरे कारण वाटेत कळले. दिवसा कडेचा बर्फ उन्हाने वितळतो, पाणी डांबरावर पसरते आणि रात्री पारा शून्याखाली गेला की त्याचा पातळ थर गोठतो. हा थर काचेसारखा असतो. खालचे डांबर दिसत राहते, त्यामुळे रस्ता नुसता ओला वाटतो. नारबलहून मागामकडे जाताना दुतर्फा सफेद्याची उंच झाडे आणि सफरचंदाच्या ओक्याबोक्या बागा. उन्हात रस्ता मोकळा होता. पण झाडांच्या सावलीत आणि पुलांवर चाचा गाडी अगदी हळू घेत. ब्रेक जवळजवळ लावतच नव्हते, खालच्या गिअरवर वेग कमी करीत.

“बर्फ तर कडेला आहे, चाचा!” मुलगा म्हणाला.

“पांढऱ्या बर्फावर चाक थोडे तरी धरते, बेटा. यावर धरत नाही.”

तंगमर्गपासून खरा चढ. गुलमर्ग तिथून १३ किलोमीटर. चाचांनी गाडी थांबवली आणि चाकांना लोखंडी साखळ्या बांधू लागले. थंडीने त्यांची बोटे लाल झाली होती. अर्धा तास गेला. तेवढ्यात एक गाडी साखळीविनाच वर गेली. “ते गेले की!” मुलगी म्हणाली. आम्हीही घड्याळ पाहिले.

तीन-चार वळणे चढलो, तर तीच गाडी आडवी होऊन बर्फाच्या ढिगात घुसलेली. अल्लाहच्या कृपेने कुणाला लागले नव्हते. पण आतली लहान मुलगी रडायची थांबत नव्हती. चाचांनी उतरून चाकांखाली माती टाकली, चौघांनी धक्का दिला.

गुलमर्गला जेमतेम दोन तास मिळाले. ऊन कलले की रस्ता पुन्हा गोठतो, म्हणून चाचांनी निघायची घाई केली. गोंडोला राहून गेला, मुले रुसली. आम्ही थट्टेने म्हणालो, “चाचा, इतके घाबरता? अल्लाहवर भरोसा ठेवावा की!”

“भरोसा आहे म्हणूनच साखळी बांधतो,” ते म्हणाले. “जीव ही त्याची अमानत आहे. आज तुमचेही जीव माझ्याकडे अमानत आहेत.”

आम्ही गप्प झालो. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भिस्त ठेवावी, ही आदरणीय प्रेषित (स.) यांची शिकवण आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. आणि गेल्याच वर्षी आमच्या शाळेतला दहावीचा एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. परवाना नव्हता, हेल्मेट नव्हते. मय्यतीत आम्ही सर्वांनी ‘अल्लाहची मर्जी’ म्हटले आणि घरी आलो. मर्जी अल्लाहचीच, यात शंका नाही. पण त्याच्या हाती किल्ली कुणी दिली, हे कुणीच विचारले नाही. तो रोज शाळेच्या फाटकाशी गाडी लावायचा. आम्हीही रोज पाहत होतो.

सुट्टी संपल्यापासून आम्ही सकाळी फाटकाशी उभे राहतो. पहिल्याच दिवशी तीन किल्ल्या घेतल्या आणि पालकांनी येऊन न्याव्यात, असा निरोप पाठवला. एक वडील रागावून आले, एक शरमून. तिसरे अजून आलेले नाहीत. त्यांची किल्ली आमच्या खणात आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, घरातून निघताना सफरची दुआ जरूर पढा. पण त्याआधी मुलाचे वय पाहा, डोक्यावर हेल्मेट आहे का ते पाहा आणि नसेल तर किल्ली देऊ नका. मुले रुसतील. आमचीही रुसली होती. अल्लाह सर्वांची मुले सुखरूप घरी आणो. आमीन.