तिच्या हातचं पाणी

"आपल्यातली नाही ती" हे तीन शब्द आपण किती सहज बोलतो! रागाने नाही, नुसती माहिती दिल्यासारखे. पण ते एकदा बोलले गेले की त्या बाईसाठी आपलं दार अर्धवट लोटलेलंच राहतं. ती दुसऱ्या जातीची असेल, दुसऱ्या धर्मातून लग्न करून आलेली असेल, घटस्फोट घेतलेली असेल, किंवा जिच्याबद्दल सोसायटीत काहीबाही बोललं जातं अशी असेल. तिचं आपण काही वाईट करत नाही, पण तिला जवळही करत नाही.

या विषयावर मला फार आवडणारी गोष्ट ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्ये आहे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात.

यहूदी आणि शोमरोनी लोकांचं वैर जुनं होतं. दोघंही मोशेचं नियमशास्त्र मानणारे. पण यहूद्यांचं पवित्र स्थान यरुशलेम, तर शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगर. इसवी सनापूर्वी शंभरएक वर्षं यहूदी राज्यकर्त्याने तिथलं शोमरोन्यांचं मंदिर पाडलं होतं. परक्यापेक्षा भाऊबंदांचं वैर जास्त कडवट असतं, तसंच हे.

येशू ख्रिस्त यहूदी. प्रवासात दमून ते भर दुपारी शोमरोनातल्या एका विहिरीपाशी बसले होते. शिष्य गावात अन्न विकत आणायला गेले होते. एक शोमरोनी बाई पाण्याला आली, आणि येशू तिला म्हणाले, मला प्यायला पाणी दे.

ती चकितच झाली. तुम्ही यहूदी, मी शोमरोनी बाई, माझ्याकडे पाणी कसं मागता, असं तिने विचारलंही. दोन्ही समाजांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता. त्या विहिरीवर काय मोडलं गेलं हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, हा हिशेब आपल्या देशात घरोघरी पाठ होता.

पुढच्या बोलण्यात कळतं, की तिला पाच नवरे झाले होते आणि आता ज्याच्यासोबत ती राहते तो तिचा नवरा नाही. एवढ्यावरून कित्येक प्रवचनकारांनी तिला वाईट चालीची ठरवलं. लोकांची तोंडं चुकवायला ती भर दुपारी येते, असंही सांगितलं. मूळ गोष्टीत यातलं काहीच नाही. पाच वेळा ती विधवा झाली की टाकली गेली, हेही लिहिलेलं नाही. त्या काळी नवऱ्याला सोडणं बाईच्या हातात फारसं नव्हतं. अर्धी माहिती मिळाली की उरलेली आपण भरतो, आणि बहुधा काळ्या रंगानेच भरतो.

येशूंना तिचं सगळं माहीत होतं. तरी त्यांनी तिला दटावलं नाही, आधी सुधारून ये म्हणाले नाहीत. खरी उपासना कुठली, या मोठ्या प्रश्नावर ते तिच्याशी बोलले. ती घागर तिथेच टाकून गावात धावली आणि गावालाच घेऊन आली. लोकांच्या आग्रहावरून येशू दोन दिवस त्या गावात राहिले.

ख्रिस्ती लोक याला कृपा म्हणतात: लायकी सिद्ध होण्याआधीच मिळालेला स्वीकार. आपल्याकडे तर ज्याचं कर्म त्यालाच भोगून संपवावं लागतं, ते कोणी माफ करत नाही. पण मला वाटतं, म्हणूनच तिच्या कर्माचा निवाडा करण्याचं काम आपलं नाही. तो हिशेब तिचा तिच्याजवळ. आपण कसं वागायचं, एवढंच आपल्या हातात.

या गोष्टीने आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईचं आयुष्य बदललं. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांना प्रेमाने सांभाळतात, हे त्यांनी पाहिलं. अशा स्त्रियांबद्दल मायेने बोलताना त्यांनी तोवर कोणाला ऐकलं नव्हतं. हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी बाईची हीच गोष्ट वाचून दाखवली गेली. त्याच वर्षी त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी अशा स्त्रियांसाठी घर काढलं, त्याचं नाव 'कृपासदन'. केडगावच्या छापखान्यात तिथल्या आश्रित बायकामुली काम करत, आणि रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथेच छापला गेला. त्यांनी या बायकांना नुसतं जेवू घातलं नाही, त्यांच्या हातचं काम मोलाचं मानलं.

मला म्हणायचं आहे ते हेच. येशूंनी सुरुवात देण्यापासून केली नाही, मागण्यापासून केली. परक्या बाईला देणं आपल्याला जमतं. जुनी साडी देतो, सणाला डबा देतो, वर्गणी देतो. देताना आपला हात वर असतो. तिच्याकडून काही घ्यायचं म्हटलं की तो खाली येतो, तिथेच आपण अडतो.

तुम्ही म्हणाल, आपले आहाराचे नियम आहेत, कुठेही कसं खाणार? खरं आहे, आणि ते पाळायलाच हवेत. पण नियम ताटाचा आहे, माणसाचा नाही. रात्री जेवत नाही, कांदा-बटाटा खात नाही, हे हसून सांगता येतं, आणि तिच्या घरी बसताही येतं. तिच्याकडून कढीपत्त्याच्या दोन काड्या मागता येतात. गावाला जाताना घराची किल्ली तिच्याकडे ठेवता येते. शिवणातली अडचण तिला विचारता येते. यात व्रत मोडत नाही. मोडतो तो फक्त आपला मोठेपणा.

आपल्या जिन्यावर, आपल्या सोसायटीत अशी एक तरी बाई असेलच. या आठवड्यात तिला काही देऊ नका. तिच्याकडे काहीतरी मागा.