देव परग्रहावरून आले, मग विटाळ कुठून आला?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या दोन बचतगटांची सहल वेरूळला नेली होती. कैलास लेण्याच्या आवारात आम्ही माना वर करून उभ्या होतो. तेवढ्यात आईबरोबर आलेल्या एका कॉलेजच्या पोराने मोबाइल पुढे केला. "मावशी, हे माणसांचं काम नाहीच. एलियननी केलंय. हा बघा पुरावा." दोघीतिघी म्हणाल्याही, "असेल बाई, एवढं कोण करणार?"

आमच्या गटात वडार समाजाच्या एक मावशी आहेत. लग्नानंतर वीस वर्षे त्या दारोदार पाट्या-वरवंट्याला टाकी लावत फिरल्या. घरोघरी मिक्सर आले तशी ती हाक बंद पडली, आता त्या धुणीभांडी करतात. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि तिरप्या रेघांपाशी थांबल्या. "ही टाकी हाय रे. ह्यो गडी डावखुरा असंल, बघ घाव कसं पडल्यात." पोरगा हसला. मावशी पुढच्या खांबाकडे गेल्या.

पण खरा वाद झाला तो परतीच्या एसटीत, माझ्या सहकारी मैत्रिणीशी. ती चळवळीतली आहे, उपासतापास करत नाही. तिचे म्हणणे असे की, ह्या परग्रहवाल्यांच्या म्हणण्यात निदान देव तरी उरत नाही. देव म्हणजे कुणी अंतराळवीर होते म्हटले की बायकांच्या मनातला धाक जाईल. चमत्कारापेक्षा हे बरे. मला ते मुळीच पटलेले नाही आणि ते का पटले नाही, हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे, कारण आपल्या शिबिरांतही हल्ली हे 'वैज्ञानिक' मत ऐकू येते.

हे मत नवे नाही. स्वित्झर्लंडच्या एरिक फॉन डेनिकेन ह्या हॉटेलवाल्याने 1968 साली पुस्तक लिहून ते जगभर नेले. पिरॅमिड, माया राजांची थडगी, पेरूतल्या नाझकाच्या रेघा, सगळे आकाशातून आलेल्यांच्या खात्यावर. आमच्या आईवडिलांच्या पिढीने ते आवडीने वाचले. पण एक गंमत पाहा. अथेन्सचे पार्थेनॉन किंवा फ्रान्समधली उंच चर्चे परग्रहवासीयांनी बांधली, असे हे लोक सहसा म्हणत नाहीत. परग्रहवासी बहुतेक काळ्यासावळ्या माणसांच्याच देशात उतरतात! गिझाला पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांची वस्ती, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या, त्यांच्या कबरी उत्खननात सापडल्या. 2013 साली लाल समुद्राकाठी मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीच हाती आली. कोणत्या दिवशी होडीतून दगड वाहिले, ह्याची नोंद साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तरी व्हिडिओ चालूच आहेत.

वेरूळचेच घ्या. कैलास हे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळातले, आठव्या शतकातले काम. डोंगर वरून खाली कोरत आणला. त्याच डोंगरात तिसाव्या क्रमांकाचे 'छोटा कैलास' नावाचे जैन लेणे आहे, ते अर्धवट राहिले आहे. परग्रहावरच्या मंडळींचे पैसे संपले की काय? बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूटांचा नवव्या शतकाच्या आरंभीचा एक ताम्रपट ह्या देवळाचे वर्णन करतो. त्यात विमानेसुद्धा आहेत! विमानातून जाणारे देव म्हणतात, हे माणसाचे काम नव्हे, हे आपोआप झालेले असणार. आणि ज्याने ते केले तो शिल्पी स्वतःशीच म्हणतो की मी हे कसे करून बसलो, पुन्हा जमणार नाही. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या कवीच्या लेखीही विमानातले बघे होते, काम करणारा जमिनीवर होता. आपण कवीची शिल्पी विसरलो आणि विमान तेवढे उचलले.

विमानांवरून आठवले. 'वैमानिक शास्त्र' हा म्हणे महर्षी भरद्वाजांचा ग्रंथ. प्रत्यक्षात तो 1918 ते 1923 ह्या काळात पंडित सुब्बराय शास्त्री यांनी सांगितला आणि दुसऱ्याने उतरवून घेतला. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तो तपासला. तो 1904 च्या आधीचा नाही आणि त्यातली याने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तरीही जानेवारी 2015 मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

आता मुद्द्याचे. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांवर ग्रह आजवर सापडले आहेत. त्यांपैकी कुठे जीव असेलही, माझे त्याच्याशी भांडण नाही. माझे भांडण आहे ते धर्माचा कर्ता पृथ्वीबाहेर नेऊन बसवण्याशी. आपल्याकडे वेदांना 'अपौरुषेय' म्हणतात, म्हणजे कुणा माणसाने न रचलेले. (ह्या शब्दातला पुरुष म्हणजे माणूस, हे मला ठाऊक आहे. पण बायकांचे नियम वाचताना तो शब्द मला भलताच विनोदी वाटतो.) अंतराळवीरांचा सिद्धान्त हेच अपौरुषेयत्व हेल्मेट घालून परत आणतो. कर्ता पुन्हा वरच. त्याला गाव नाही, जात नाही, लिंग नाही, त्याचा फायदातोटा नाही. मग जाब कुणाला विचारायचा?

आणि जाब विचारण्यासारखे पुष्कळ आहे. तैत्तिरीय संहितेत गोष्ट आहे, इंद्राने विश्वरूपाला मारले. त्या हत्येचे पाप पृथ्वी, झाडे आणि बायका यांनी वाटून घेतले. बायकांच्या वाट्याचे पाप म्हणजे दर महिन्याची पाळी. खून कुणाचा, खुनी कोण आणि बाजूला बसायचे कुणी! ऋषिपंचमीची कहाणी आपल्यापैकी कितीजणींनी लहानपणी ऐकली आहे. पाळीचा विटाळ घरात कालवला म्हणून बाई कुत्री झाली आणि तिच्या नवऱ्याला बैलाचा जन्म आला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. बैल, नांगर, सोवळ्याचा स्वयंपाक! ही कुठल्या ग्रहावरची कहाणी आहे? शेती करणाऱ्या, बैलावर जगणाऱ्या, बाईच्या पोटावर आणि चुलीवर पहारा ठेवणाऱ्या समाजाचा पत्ता तिच्यावर स्वच्छ लिहिला आहे.

काही नियमांची तर जन्मतारीखच सांगता येते. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात बायका मजारीपर्यंत जात असत. 2011-12 च्या सुमारास विश्वस्तांनी ते बंद केले आणि कारण धर्माचे दिले. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका कोर्टात गेल्या, 2016 साली उच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि बायका पुन्हा आत गेल्या. त्याच वर्षी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावरही बायका चढल्या. दोन्हीकडे नोटीस गेली ती ट्रस्टच्या कार्यालयात.

इथे आपल्या विवेकवादी मित्रांशीही थोडे भांडायला हवे. धर्म माणसाने केला म्हणजे पुरोहितांनी फसवायला रचला, एवढेच ते सांगतात. ते अर्धेच आहे. सटवाईचे पाहा. सहाव्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात. विळ्याने नाळ कापली जायची त्या काळी पहिल्या एकदोन आठवड्यांतच धनुर्वाताने बाळे जात. भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर व्हायला 2015 साल उजाडले. बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर जागणाऱ्या बायकांच्या भीतीतून सटवाई आली असणार, असे मला वाटते. तशी शीतळा देवीच्या रोगातून, तशी मरीआई पटकीतून. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या माळावरून शेंदूर लावलेले तांदळे हिंडून पाहत होते. ह्यांतल्या कितीतरी देवींना नवरा नव्हता, काहींना तो मागाहून जोडला गेला, असे त्यांनी नोंदवले आहे.

म्हणजे धर्म करणाऱ्या माणसांत बायकाही होत्या. आणि तो टिकवणाऱ्यांत तर आहेतच. माझ्या पहिल्या पाळीला मला कोपऱ्यात बसवले ते कुणा ऋषीने नव्हे, माझ्या आजीने. तिच्यावर माझा जीव होता. त्या चार दिवसांचा राग मात्र अजून गेलेला नाही. वाईट वाटते ते कबूल करायला, पण परग्रहाची गोष्ट मला आजीचा हात विसरायला लावते आणि ते मला नको आहे.

माणसाने केले म्हणजे तुच्छ केले, असेही मी म्हणत नाही. जात्यावरची ओवी माणसानेच केली. वारीत चालणाऱ्या माझ्या गटातल्या बायकांना मी थांबवत नाही. जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिताना धर्मपुस्तके पुरुषांनी रचली आणि म्हणून त्यांत बाईचा हक्क आला नाही, हे उघड मांडले. तरी तेही धर्मच लिहीत होते, फक्त लिहिणाऱ्याचे नाव न लपवता. त्याच्याही आधी, 1855 साली, मुक्ता साळवे ह्या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने वेद ज्यांचे त्यांचे, मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न छापून विचारला होता. तिने आकाशाकडे पाहून विचारले नाही. समोरच्यांना विचारले.

मैत्रीण अजून म्हणते की मी उगाच मोठे करते आहे, बायका गमतीने व्हिडिओ पाहतात. असेल. पण एसटी उतरताना वडार मावशींनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, त्या टाकीवाल्याचं नाव कुठं लिवलंय का?" मी नाही म्हणाले. "आन् आमाला बाजूला बसवायचं ज्यानं लिवलं, त्याचं?" मी म्हटले, काहींची माहीत आहेत. पुढच्या बैठकीत मला ती सांगायची आहेत. बैठक ऋषिपंचमीच्या आदल्या आठवड्यात ठेवली आहे आणि त्या पोरालाही बोलावले आहे.