सहा आकडे कुणाला वाचायला द्यायचे?

बिदर जिल्ह्यातल्या निर्ण्यातली एक आज्जी सेवा केंद्राच्या ओट्यावर बसलेली. मोबाइल वाजला तसा तिनं तो शेजारच्या पोरापुढं धरला. "काय लिव्हलंय बघ की रं बाबा." पोरानं ओटीपीचे सहा आकडे खणखणीत वाचले. खाली इंग्रजीत ओळ होती, हा क्रमांक कुणालाही सांगू नका. तोवर आकडे साऱ्या ओट्यानं ऐकले होते.

ही आज्जी निरक्षर नाही. चष्मा लावून रोज पोथी वाचते. तिला देवनागरी येते, आणि तिच्या कामाचा एकही संदेश देवनागरीत येत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं, बिदर तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलं. कचेरीतल्या उर्दूच्या जागी कन्नड आली. घरातली मराठी घरातच राहिली.

यंत्रानं सोय केली, हे मी मनापासून मानतो. 'भूमी' योजनेत कर्नाटकानं जवळपास 2 कोटी पहाण्या, म्हणजे जमिनीचे उतारे, संगणकावर घेतल्या. हातानं लिहिलेल्या उताऱ्यासाठी चार-चार हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचं मोल विचारा. पण तो उतारा कन्नडमध्ये निघतो, आणि आपल्याच बांधावर कुणाचं नाव चढलं, हे मराठीच वाचणाऱ्या शेतकऱ्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागतं. पूर्वी कागद वाचून घ्यायचा तो गुरुजींकडून, ओळखीच्या माणसाकडून. आता फोनसोबत बँकेचं खातंच दुसऱ्याच्या हातात जातं.

कन्नडशी माझं भांडण नाही. राज्याचा कारभार कन्नडमध्येच चालावा, सीमाभागातल्या पोरांनी ती उत्तम शिकावी. पण पंच्याहत्तरीच्या बाईला आता नवी लिपी शिक म्हणणं हा अन्याय आहे. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे या देशात फार पूर्वीच ठरलंय. तेव्हा अडचण खरी होती. मराठी टंकयंत्र हवं, खिळे हवेत, जाणता कारकून हवा. आज यातलं काहीच लागत नाही. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या भाषांतर सेवेत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. संदेशाचा मजकूर ठरलेला असतो, बदलतात ते आकडे. एकदा नीट मराठी करून घेतली की झालं. खातं उघडताना, अर्ज भरताना 'संदेश कोणत्या भाषेत हवा?' हा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? बँकांनी आणि जिल्हा प्रशासनानं तो वाढवावा, ही मागणी मी लिहीत राहणार.

तोवर एक काम तुम्हीच करा. आज जेवणं झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन घ्या, सेटिंगमध्ये भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा. आणि शेजारी बसून सांगा, सहा आकडे आले तर घरच्याशिवाय कुणाला दाखवू नको.