पाळकाला चाळीस दिवसांची मोकळीक द्या

उपवासकाळाविषयी, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळून, ख्रिस्ती समाज जे चाळीस दिवस पाळतो त्यांविषयी, इतर नागपूरकरांची समजूत बहुधा एवढीच असते, की या काळात ही मंडळी मांसाहार वर्ज्य करतात, लग्नकार्ये काढत नाहीत आणि गुड फ्रायडेला भर दुपारी बारा ते तीन प्रार्थनामंदिरात बसून वधस्तंभावरील सात उद्गारांवरची प्रवचने ऐकतात. ही समजूत चुकीची नाही. चातुर्मासात कांदा-वांगे सोडणाऱ्या आणि रमजानचे रोजे धरणाऱ्या शेजाऱ्यांच्या गावात तिचे कोणाला फारसे नवलही वाटत नाही. परंतु ज्या अँग्लिकन परंपरेत सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलची मंडळी वाढली, त्या परंपरेत या दिवसांचे प्रधान कार्य आत्मपरीक्षणाचे, आणि त्या आत्मपरीक्षणात ज्याची मती कुंठित होईल त्याला हात देण्याचे मानले गेले. हे दुसरे काम पाळकाचे. ते आज मागे पडत चालले आहे, आणि त्याला पाळकांची अनास्था कारण नसून आपण मंडळीने त्यांच्या माथी मारलेली कारकुनी कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडच्या चर्चच्या 1662 सालच्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाची सूचना देताना वाचायचा एक उपदेश आहे. त्याचा आशय असा, की प्रत्येकाने ईश्वरी आज्ञांच्या कसोटीवर आपले आचरण स्वतः तपासावे, ज्याचे नुकसान केले असेल त्याची भरपाई करावी, ज्याच्याशी वैर असेल त्याच्याशी समेट करावा; आणि एवढे करूनही ज्याच्या मनाला स्वस्थता लाभत नसेल त्याने आपल्या पाळकाकडे, अथवा दुसऱ्या कोणा विवेकी व विद्वान धर्मसेवकाकडे जाऊन आपले दुःख उघड करावे. या योजनेतले तारतम्य मला फार मोलाचे वाटते. रोमन परंपरेत पापनिवेदन ही वर्षातून एकदा तरी पार पाडायची अनिवार्य बाब. उलट 1845 साली नागपुरास आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश परंपरेत उपवासकाळाला पंचांगात स्थानच नव्हते, आणि पापाची कबुली पुरोहितासमोर देणे तिला मुळीच मान्य नव्हते. अँग्लिकनांनी दार उघडे ठेवले, पण कोणाला आत ओढले नाही. शिवाय आपल्याच पाळकाकडे गेले पाहिजे अशी सक्तीही ठेवली नाही. ज्या लहान मंडळीत पाळक हा कोणाचा व्याही तर कोणाचा शेजारी असतो, तिथे या सवलतीचे महत्त्व निराळे सांगायला नको.

हे मार्गदर्शन कसे असावे याचे उत्तम उदाहरण आपल्याच मराठी इतिहासात आहे. काशीच्या कोकणस्थ घराण्यातले नीळकंठशास्त्री गोऱ्हे 1848 साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले आणि पुढे अँग्लिकन धर्मसेवक झाले. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, त्यापूर्वी त्यांच्या बुद्धीला पडलेल्या शंकांचे निरसन करण्यात या वृद्ध, विनम्र आणि स्वतः संशयाच्या आगीतून गेलेल्या गोऱ्ह्यांचा वाटा किती मोठा होता, हे रमाबाईंनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. हजारो मैलांवरून पाठवलेल्या लिखाणातूनही त्यांनी हे काम केले. आणि त्याच रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर थोड्याच काळात वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात निक्षून सांगितले, की आपल्याला सदसद्विवेक आहे, मन आहे, आणि ती दोन्ही कोणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन आपण करणार नाही. जेराल्डाइन यांचे रमाबाईंवर प्रेम होते यात संशय नाही. परंतु प्रेमाने का होईना, त्या आज्ञापालनाची अपेक्षा करीत होत्या. गोऱ्ह्यांनी युक्तिवाद केला आणि निर्णय रमाबाईंचा त्यांच्यापाशीच राहू दिला. मार्गदर्शन आणि हुकमत यांत भेद कुठे पडतो हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी तो पत्रव्यवहार अवश्य वाचावा. धर्मशिक्षणाच्या पाठ्यक्रमात त्याला स्थान मिळाले तर मला आनंद होईल.

नागपूरवर या बाबतीत विशेष जबाबदारी आहे. 1903 साली आयर चॅटर्टन येथील पहिले अँग्लिकन बिशप झाले, आणि पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, याच नगरात सहा मंडळ्यांनी आपापली वेगळी चूल मोडून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. त्यांत उपवासकाळ विधिपूर्वक पाळणारे अँग्लिकन होते, तसे तो परंपरेने न पाळणारे प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. एकाचे पाळकीय उपदेशाचे दार आणि दुसऱ्याचा स्वतंत्र विवेकाचा आग्रह, ही दोन्ही धने त्या दिवशी एका घरात आली. दुर्दैवाने त्यांच्याबरोबर मिळकतीही आल्या. पुढच्या काळात जमिनी, विश्वस्तनिधी आणि इमारती यांचे दावे न्यायालयांत साचले. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या मिळकतीचा वाद तर 2013 साली सर्वोच्च न्यायालयात निकालास लागला. राखेच्या बुधवारी वाचण्यासाठी त्या जुन्या प्रार्थनापुस्तकात जी शापवचने दिली आहेत, त्यांत शेजाऱ्याचा धुरा सरकवणाऱ्याचा आणि अनाथ-विधवांच्या न्यायात खोट आणणाऱ्याचा उल्लेख आहे. ती वचने वाचून दाखवणाऱ्या पाळकाने दुसऱ्या दिवशी सकाळी मिळकतीची कागदपत्रे घेऊन वकिलाच्या कचेरीत ताटकळावे, हे दृश्य मला असह्य वाटते.

त्यात आपले आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि उपवासकाळाचा बराचसा भाग नेमका मार्चात येतो. हिशेबतपासनीस दारात, शाळांच्या परीक्षा तोंडावर, विश्वस्तांच्या सभा लागलेल्या, असे हे दिवस असतात. संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा होते खरी, पण तीत गीत, वाचन, प्रवचन, चहा आणि उपमा होऊन पाळकसाहेब लगबगीने पुढच्या घरी जातात. आता कल्पना करा, की त्याच घरात वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणे टाकलेला एक निवृत्त रेल्वे कर्मचारी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आहे. तो चारचौघांत काही बोलणार नाही. सगळे उठून गेल्यावर, सूनबाई कपबशा आवरू लागल्यावर, ‘पाळकसाहेब, जरा थांबता का’ एवढे तो म्हणेल. आणि पुढचा तासभर बहुतेक तक्रारच सांगेल, कागद काढून दाखवील, तलाठ्याला दोष देईल. मूळ गोष्ट, म्हणजे आईच्या आजारपणात आपण गेलो नाही ही, तो अगदी शेवटी, उठता उठता सांगेल. ज्या पाळकाला साडेआठला दुसरीकडे पोहोचायचे आहे त्याच्या कानी ती कधीच पडणार नाही. मोबाईलवर रोज सकाळी येणाऱ्या चिंतनाने किंवा मैदानावरच्या मोठ्या उपासनासभेनेही ते होणार नाही, कारण तिथे बोलणारा एकच असतो आणि ऐकणारे सगळे.

पाळकांना एकांतात भेटू लागले की त्यांचे वर्चस्व वाढेल, घरोघरीच्या गुप्त गोष्टी त्यांच्या हाती जातील, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. बायकामुलांच्या बाबतीत तर नाहीच. म्हणून भेट उघड्या दाराच्या खोलीत व्हावी, स्त्रियांना हवी तर अनुभवी स्त्री धर्मसेविका उपलब्ध असावी, आणि ऐकलेली गोष्ट प्रवचनात दृष्टांत म्हणूनसुद्धा येऊ नये.

राहता राहिली कारकुनी. नागपुरात महालेखाकार कार्यालयातून, रेल्वेतून आणि बँकांतून निवृत्त झालेले, हिशेबात मुरलेले लोक प्रत्येक मंडळीत आहेत. मंडळीच्या समितीने राखेच्या बुधवारापूर्वीच्या रविवारी ठराव करून दफ्तर, पावत्या आणि न्यायालयाच्या तारखा ईस्टरपर्यंत अशा दोघातिघांच्या हवाली कराव्यात, शाळेच्या समितीवर पाळकाऐवजी तात्पुरता प्रतिनिधी नेमावा, आणि त्याच उपासनेत मोहननगर, मेकोसाबाग, सदर, अजनीचे क्वार्टर्स अशा वस्त्यांनिहाय पाळकाच्या भेटींचे दिवस वाचून दाखवावेत, एका संध्याकाळी दोन घरांहून अधिक नाहीत अशा बेताने.