तुरटीने गाळ बसतो, औषध नाही

मैत्रिणींनो, नितळ दिसणारं पाणी निर्धोक असतंच असं नाही. आपल्या पारोळा तालुक्यात कपाशी आणि मका. फवारलेलं औषध पावसाबरोबर नाल्यात, विहिरीत, बोरी नदीत उतरू शकतं.

यातली काही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. पोटातल्या बाळाला त्याचा धोका जास्त. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. मक्यातलं तणनाशक अ‍ॅट्राझीन युरोपीय संघाने २००४ मध्ये नाकारलं. आपल्याकडे २०१२ च्या पेयजल मानकात त्याची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे.

तुरटीने गाळ बसतो, क्लोरिनने जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेलं औषध बरंचसं तसंच राहतं. उकळूनही भरवसा नाही. सक्रिय कोळसा मात्र ही रसायनं आपल्या छिद्रांत धरून ठेवतो. तो वेळेवर बदलावा लागतो. आरओची पडदीही बरीच रसायनं अडवते, पण त्यात पाणी वाया जातं आणि प्रत्येकीला तो परवडेल कसा? स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या सांडपाणी केंद्रांवर ओझोन किंवा कोळशाची प्रक्रिया कायद्यानेच सुरू केली.

म्हणून पुढच्या बचत गटाच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवू या. फवारणीचा पंप विहिरीवर, नाल्यावर धुवायचा नाही, हे घरच्यांना बजावायचं. आणि नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला विचारायचं, "पाण्याच्या तपासणीत कीटकनाशकं बघता का? अहवाल दाखवा." पाणी आपण भरतो, विचारायचंही आपणच.